भात्यापासून लेथपर्यंत

लोहगडवाडीच्या माथ्यावर लोहगड उभा आहे. परंतु लोखंडाची विद्या आपल्या ज्ञातीस भाता, ऐरण व घण यांतूनच लाभली. पुढे काळ पालटला. १९४१ साली हरिहरास म्हैसूर किर्लोस्कर, तर १९५३ साली बंगलोरास हिंदुस्थान मशीन टूल्स हे कारखाने निघाले व देशी लेथ मिळू लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन पिंपरी-चिंचवडास कारखानदारी वाढली. कारखान्यांनी काढून टाकलेले लेथ आपले तरुण घेऊ लागले.

माझ्या पुतण्याने घरचे सोने गहाण ठेवून असाच एक लेथ घेतला. नव्या रंगाखाली बेडची झीज दडली होती. केलेला माल नापास होऊन परत आला.

म्हणून ज्ञातिबांधवांस सांगणे की, बेड चकाजवळ अधिक झिजतो. कॅरेज तेथे घट्ट करून दुसऱ्या टोकाकडे सरकवावे. अडखळले तर झीज समजावी. स्पिंडलचा ढिलेपणा, गिअरचे दाते व बिडाच्या भागांवरील वेल्डिंग पाहावे. यंत्र चालवून, सळई कातून, तिच्या दोन्ही टोकांचा व्यास मोजल्यावाचून विसार देऊ नये.

ऐरणीवरील नादावरून लोखंड ओळखणाऱ्यांच्या वंशजांनी यंत्र रंगावरून घ्यावे, हे शोभत नाही.