पार्श्वगायनाचा आरंभ आणि पारुल घोष

भारतीय चित्रपटातील पार्श्वगायनाचा आरंभ सांगताना कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा, दिग्दर्शक नितिन बोस यांचा आणि संगीतकार रायचंद बोराल यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. १९३५ सालच्या 'भाग्यचक्र' या बंगाली चित्रपटात व त्याच्या 'धूपछाँव' या हिंदी आवृत्तीत गाणे आधी ध्वनिमुद्रित करून चित्रणाच्या वेळी वाजविण्यात आले. तत्पूर्वी नटास कॅमेऱ्यासमोर स्वतःच गावे लागे. वादक दृश्याच्या चौकटीबाहेर कोठेतरी दडून साथ करीत. हा इतिहास मुख्यतः यंत्राचा व दिग्दर्शकांचा म्हणून लिहिला गेला. 'धूपछाँव'मधील ते गीत गाणाऱ्या पारुल घोष, सुप्रभा सरकार व हरिमती यांची नावे त्यात शेवटी येतात. पुष्कळदा येतही नाहीत.

यांपैकी पारुल घोष यांची कारकीर्द विशेष अभ्यसनीय आहे. त्या पूर्व बंगालमधील बारिसालच्या. संगीतकार अनिल बिस्वास हे त्यांचे बंधू, तर विख्यात बासरीवादक पन्नालाल घोष हे पती. १९४० च्या सुमारास हे दांपत्य मुंबईस आले. बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत' (१९४२) चित्रपटास संगीतकार म्हणून पतीचे नाव होते. चालींत बंधूंचाही वाटा होता, असे मानले जाते. (श्रेयनामावलीवर इतिहासकाराने किती विसंबावे, याचा हा नमुनाच!) पुढे 'किस्मत' (१९४३) व 'मिलन' (१९४६) यांतही त्या गायिल्या, दोन्हींचे संगीत बिस्वास यांचे. किंबहुना त्यांची प्रमुख गीते बहुतांशी आप्तांच्याच संगीतात आढळतात. या आधारामुळे त्यांना संधी लाभली हे खरे. परंतु त्यांच्या कार्याची कक्षाही त्यानेच आखली असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९५० नंतर त्यांचा आवाज चित्रपटांत क्वचितच ऐकू येतो.

ज्या काळात त्या मागे पडल्या, त्याच काळात गायकाच्या नावाचा प्रश्न ऐरणीवर आला. 'महल' (१९४९) मधील लता मंगेशकरांच्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रारंभी गायिकेचे नाव म्हणून 'कामिनी' हे पात्राचेच नाव छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, तेव्हा खरे नाव पुढे आले. 'धूपछाँव'च्या तिघींसाठी तशी विचारणा चौदा वर्षांपूर्वी कोणी केली नव्हती. पारुल घोष १९७७ साली निवर्तल्या.