पुण्यात शिकायला जाताय? खोली शोधण्याआधी गावातच ही कागदं तयार ठेवा. वसतिगृह, योजना, कॉट आणि भाड्याची संपूर्ण माहिती

बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच चर्चा सुरू होते, कॉलेज कोणतं. पोरगं पुण्याला जाणार हे ठरतं, फी किती ते विचारून होतं. राहायचं कुठं, हा प्रश्न मात्र शेवटी येतो. तोवर ऑगस्ट उजाडतो. वसतिगृहांच्या याद्या लागलेल्या असतात आणि पोरगं बॅग घेऊन सदाशिव पेठेत पाट्या वाचत फिरत असतं. अशा वेळी जी मिळेल ती खोली, सांगतील ते भाडं.

पहिलं वर्ष कसंबसं निघतं. दिवाळीनंतर घरून पैसे उशिरा जायला लागले की मेस बंद होते, मग कॉलेजला दांड्या, आणि एक दिवस पोरगं गावाकडं परत. दरवर्षी अशी काही मुलं प्रत्येक तालुक्यात दिसतात. फी भरली होती, मार्क चांगले होते, शिक्षण सुटलं ते राहण्या-खाण्याच्या खर्चापायी. म्हणून कॉलेजच्या अर्जाबरोबरच राहण्याचा अर्ज भरला पाहिजे, आणि त्याची तयारी पुण्यात नाही, तहसीलच्या गावात होते.

आधी कागदं

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीट, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. शेतकरी कुटुंबाने अल्पभूधारक असल्याचा दाखलाही काढून ठेवावा, दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला तो मिळतो. उत्पन्नाचा दाखला जुना चालत नाही. ३१ मार्चला त्याची मुदत संपते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यातच नवीन काढावा. निकालानंतर सेतू केंद्रावर जी झुंबड उडते ती सगळ्यांनी पाहिलेली आहे.

बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. नुसतं आधार कार्डाची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे झालं असं नाही. सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी वेगळी जोडणी लागते. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी खातं लिंक आहे का' असंच विचारावं. एकापेक्षा जास्त खाती असतील तर पैसे भलत्याच खात्यात जातात आणि घरचे म्हणतात आलेच नाहीत.

सरकारी वसतिगृह आणि मिळाले नाही तर भत्ता

समाज कल्याण विभागाची मागासवर्गीय मुला-मुलींची शासकीय वसतिगृहे पुण्यात आहेत. आदिवासी विकास विभागाची वेगळी आहेत. राहणं, जेवण मोफत, वर निर्वाह भत्ता. प्रवेश गुणवत्तेवर आणि अर्ज ऑनलाईन. जागा कमी, अर्ज जास्त, हे गृहीत धरूनच चालायचं. तरीही अर्ज भरायचाच, कारण वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठीच पुढच्या योजना आहेत.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अकरावीपासून पुढच्या शिक्षणाला ती लागू होते. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे, नवी मुंबई, नागपूर या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. त्यात जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या दोन्हींची रचना साधारण स्वाधारसारखीच. आरक्षणाबाहेरच्या, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. रक्कम आणि अटी शासन निर्णयाने बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचा निर्णय बघूनच अर्ज करावा.

आता खरी गोष्ट. हे पैसे वेळेवर येतील या भरवशावर खोली घेऊ नये. रक्कम हप्त्याने येते, हजेरी आणि कागद तपासून येते, आणि कधी कधी वर्ष संपत आलं तरी येत नाही. घरमालक मात्र एक तारखेला पैसे मागतो. शेतकऱ्याच्या घरात पैसा सोयाबीन विकल्यावर किंवा उसाचं बिल निघाल्यावर येतो, दर महिन्याला येत नाही. जून ते ऑक्टोबर हे पाच महिने सगळ्यात अवघड, कारण तेव्हाच पेरणी, खत, फी आणि डिपॉझिट सगळं एकदम अंगावर येतं. तेवढ्या पाच महिन्यांच्या राहण्या-खाण्याची सोय आधी करून मगच पोराला पाठवावं. योजनेचे पैसे आले की ते पुढच्या सहामाहीला धरावेत.

संस्थांची वसतिगृहे

गावाकडं ही माहिती सर्वात कमी पोहोचते. ग्रामीण भागातल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून काम करते. डॉ. अच्युतराव आपटे यांनी ती सुरू केली. अर्ज आणि मुलाखत घेऊन, घरची परिस्थिती पाहून प्रवेश मिळतो. बाजारभावापेक्षा खर्च बराच कमी, पण शिस्त आहे. ज्याला रात्री बारापर्यंत बाहेर फिरायचं आहे त्याने तिकडं जाऊ नये. मुलींसाठी कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेची वसतिगृहे आहेत. बऱ्याच जुन्या कॉलेजांची स्वतःची वसतिगृहे आहेत, ती पहिल्या यादीतल्या मुलांनी भरून जातात. म्हणून प्रवेश घेतानाच त्याच खिडकीवर वसतिगृहाचा फॉर्म मागायचा.

निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगही आहेत. ही परंपरा आपल्याकडं जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंगला हात दिला आणि पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवणारं बोर्डिंग काढलं. खेड्यातल्या पोराला शाळेपेक्षाही आधी राहायला जागा लागते, हे त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आपल्या तालुक्यातले जे शिक्षक, वकील, अधिकारी पुण्यात शिकून आले त्यांना विचारा, अनेकजण अशाच एखाद्या बोर्डिंगात राहिलेले निघतील. त्यांच्या एका फोनने जागा मिळेल असं नाही, पण फॉर्म कधी निघतो ते नक्की कळेल.

कॉट, पीजी की फ्लॅट

वसतिगृह नाही मिळालं तर कॉट बेसिस. एका खोलीत तीन-चार कॉट, एक कॉट आपली. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागात स्पर्धा परीक्षेची मुलं असल्यामुळे भाव चढे आणि खोल्या जुन्या वाड्यांतल्या. कात्रज, धनकवडी, आंबेगाव, नऱ्हे, वारजे या बाजूला तेवढ्याच पैशात जागा मोठी मिळते.

पण नुसतं भाडं बघू नका, महिन्याचा सगळा खर्च एका कागदावर मांडा. समजा पेठेत कॉट ४,५०० ला आहे आणि कॉलेज चालत जाण्यासारखं आहे. लांब उपनगरात ३,००० ला मिळाली. दीड हजार वाचले असं वाटतं. त्यात बसचा पास, रात्री उशीर झाला तर रिक्षा, आणि रोजचे दोन तास मिळवा. अभ्यासिका पेठेतच लावली असेल तर बचत तिथंच संपली. उलट कॉलेजच नऱ्ह्यात किंवा आंबेगावात असेल तर पेठेत राहण्यात काही अर्थ नाही. मेस, लाईट बिल, वायफाय, धुणं, गॅस हे भाड्यात धरलंय की वेगळं, हे लिहून घ्यावं.

खोली बघायला गेल्यावर बाप पार्किंग विचारतो आणि पोरगं वायफाय. पाण्याचं कुणी विचारत नाही. शहराच्या कडेच्या भागात उन्हाळ्यात टँकर चालतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात जीबीएसचे रुग्ण सापडले तेव्हा दूषित पाण्याचा प्रश्न राज्यभर गाजला होता. पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, प्यायला फिल्टर आहे का, एवढं विचारायला लाजू नये.

पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, तळेगाव बाजूला राहून लोकलने शिवाजीनगरला येणारी मुलंही बरीच आहेत. रेल्वेचा विद्यार्थी पास निम्म्या दरात मिळतो आणि पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना सेकंड क्लासचा मासिक पास मोफत आहे, हे अनेकांना माहीत नसतं. कॉलेजचा दाखला लागतो. पुणे मेट्रोतही विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे.

पैसे देताना

खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. 'मी मिलिटरीत आहे, बदली झाली, टोकन टाका, चावी कुरिअरने येईल' असे फोन येतात. फोटो सुंदर असतात, खोली नसते. एजंटकडून घेतलं तर साधारण एक महिन्याचं भाडं त्याचं, तेही आधीच ठरवून घ्यावं.

चार-पाच मित्र मिळून फ्लॅट घेणार असाल तर अकरा महिन्यांचा करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. खर्च फार नाही. १८ हजार भाड्याच्या फ्लॅटला अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क पाचशेच्या घरात येतं आणि शहरात नोंदणी फी एक हजार. त्यावर कोणी पाच-सहा हजार सांगत असेल तर बाकीचे कशाचे ते विचारा.

कॉटवाल्याकडं सहसा करार नसतो. तिथं डिपॉझिट रोख न देता मोबाईलवरून द्यावं आणि लगेच मालकाला मेसेज करावा, 'अमुक तारखेला डिपॉझिट दिले, महिनाभर आधी सांगितल्यास परत मिळेल.' त्याने 'ओके' लिहिलं तरी पुरे, नंतर तोच पुरावा. पहिल्या दिवशीच खोलीचे, भिंतीचे, नळाचे फोटो काढावेत. रंगाचे पैसे म्हणून डिपॉझिट कापायची पद्धत सर्रास आहे.

काही ठिकाणी पीजीच्या बिलात जीएसटी लावतात. जून २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या निर्णयानुसार महिना २० हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग ९० दिवसांच्या राहण्यावर हा कर नाही. कुणी बिल हातात दिलं तर हे सांगावं, बहुतेक वेळा ती ओळ निघून जाते.

सुट्टीला गावी येताना एप्रिल-मेचं भाडं द्यायचं की खोली सोडायची, हे मार्चमध्येच ठरवावं लागतं. तीन मित्रांपैकी एकजण थांबणार असेल तर दोघांनी कॉटचं निम्मं भाडं देऊन जागा राखावी. तसं जमत नसेल तर सामान कुणाच्या तरी खोलीवर ठेवून डिपॉझिट मोकळं करून घ्यावं, जूनमध्ये नवीन जागेला तेच लागतं.