बाकाखाली न गेलेले तिघे

स्पेन म्हटले की आम्हा उर्दूवाल्यांना कुर्तुबाची मशीद आठवते, फार तर अल्हम्रा. अलीकडचा स्पेन सहसा नाहीच.

23 फेब्रुवारी 1981. माद्रिदच्या संसदेत नव्या पंतप्रधानासाठी मतदान चालू असताना लेफ्टनंट कर्नल तेहेरो पिस्तूल घेऊन आत शिरला. मागे सिव्हिल गार्डचे सुमारे 200 सशस्त्र जवान. 68 वर्षांचे उपपंतप्रधान गुतिएरेझ मेयादो उठले आणि थेट त्यांच्यावर चालून गेले. ते स्वतः लष्करातले जनरल. त्यांनी जवानांना दरडावले. धक्काबुक्की झाली, छताकडे गोळ्या सुटल्या (खुणा अजून आहेत). सभासद बाकांखाली गेले, मेयादो उभेच. तेहेरोने त्यांना खाली पाडायला पाहिले, जमले नाही. मावळते पंतप्रधान सुआरेझ आणि कम्युनिस्ट नेते कारियो हेही आसनावरून हलले नाहीत.

गंमत अशी की 1936 मध्ये हेच मेयादो सरकारविरुद्ध उठलेल्या बंडखोर सैन्याच्या बाजूला होते आणि कारियो समोरच्या. मला हा तपशील गोळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

मध्यरात्रीनंतर राजा हुआन कार्लोसने दूरचित्रवाणीवरून बंडाला विरोध जाहीर केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तेहेरो शरण आला. शिक्षा 30 वर्षांची झाली. 1996 मध्ये तो सुटलाही.