वाट पाडणाऱ्याचे घर

पेनसिल्व्हेनियातील क्वेकर घरात १७३४ मध्ये जन्मलेल्या डॅनियल बूनने १७५६ मध्ये रिबेकाशी संसार मांडला. दहा लेकरे झाली. केंटकी ही शॉनी आदी लोकांची शिकारभूमी होती. तिकडे निघताच १७७३ मध्ये थोरला जेम्स मारला गेला. तरी १७७५ मध्ये डॅनियलने वाट पाडली, बून्सबरो वसविले. १७८२ च्या लढाईत दुसरा पुत्र इस्राएलही गेला. पुढे जमिनीचे हक्कही कागदपत्रांच्या दोषांमुळे बुडाले. १७९९ मध्ये कुटुंब मिसूरीला गेले.

प्रियजनहो, अब्राहामही परदेशी राहिला. पण सारेच्या कबरेसाठी त्याने हेथींना पूर्ण मोल दिले. आम्हीही पूर्वजांचे गाव सोडून आलेल्यांचीच लेकरे. आपल्या पायांखालच्या भूमीवर आधी कोण नांदत होते, हे प्रभू आम्हांला विसरू न देवो.