हरिद्वारची खातेवही

हिमालय संपून गंगा सपाटीला लागते, त्या हरिद्वारला लोक पापे धुवायला जातात. मी पडलो बँकेतला कारकून. माझा डोळा पंड्यांच्या वह्यांवर. लांबलचक वह्या, आणि खाते मूळ गावाच्या नावावर. राहता कुठे, याला तिथे काडीची किंमत नाही.

१३९९ साली तैमूर इथे लुटालूट करून गेला. १८५४ साली कॉटलेसाहेबाचा गंगेचा कालवा सुरू झाला. पुढे मालवीयजी सरकारशी भांडले आणि हर की पौडीची धार अखंड राहिली, ते १९१६ साल. हे सगळे पुस्तकांत आहे हो! आमचे पणजोबा कुठल्या पुस्तकात असणार?

पंडाजींनी ते दहा मिनिटांत काढले. खाली मुलगे चार. घरात आम्ही तीनच ऐकत आलेलो. पुढची नोंद आजोबांच्या हातची, पणजोबांच्या अस्थी आणल्या तेव्हाची. तिथे भाऊ तीनच. चौथ्याचे नाव मी दोनदा वाचले.

मग आमची नावे लिहिली. सवयीने खाली दुहेरी रेघ ओढणार, तोच पंडाजी ओरडले, "अरे बाबूजी, खाता बंद मत कीजिए!"