क्रियापदाचे लिंग आणि प्रेमाचे गाणे

नागपूरच्या महालात, गांधी गेटच्या आतल्या एखाद्या जुन्या घरात राहणारा महाविद्यालयीन मुलगा आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘गिव्हन’ ही जपानी ॲनिमे मालिका पाहू शकतो. ती त्याला परकी वाटत नाही, असे गृहीत धरले तर समीक्षेपुढे एक प्रश्न उभा राहतो. दोन तरुणांमधील प्रेम संगीतातून व्यक्त होण्याची ही जी कथा आहे, तिला मराठी वाङ्मयेतिहासात काही पूर्वपीठिका आहे काय? आणि असल्यास तिचे स्वरूप कोणते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

‘गिव्हन’ ही मूळची नात्सुकी किझू यांची चित्रकथा. तिचे प्रकाशन २०१३ मध्ये सुरू झाले. २०१९ साली फूजी टेलिव्हिजनच्या ‘नोइतामिना’ या रात्रीच्या विभागातून तिची अकरा भागांची मालिका प्रसारित झाली. पुरुषांमधील प्रेमाचा विषय घेऊन त्या विभागात आलेली ही पहिलीच मालिका होय. माफुयू हा मुलगा आपल्या मृत प्रियकराची गिटार जवळ बाळगतो. तिची तार तुटलेली आहे. उएनोयामा ती तार बसवून देतो आणि तेथून कथेस आरंभ होतो. माफुयूजवळ सूर आहे, शब्द नाहीत. शब्द सापडतात ते वाद्यवृंदाच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमात, व्यासपीठावर. या प्रकारच्या कथनामागे मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया या लेखिकांनी १९७०च्या दशकात घातलेला पाया आहे. ताकेमिया यांच्या १९७६ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध चित्रकथेच्या शीर्षकातही ‘गीत’ हा शब्द यावा, हे येथे लक्षणीय आहे.

माफुयूच्या गाण्याला एक सोय जपानी भाषेनेच पुरवली आहे. जपानी क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. गाणारा कोण आणि ज्याला उद्देशून गायले जाते तो कोण, हे गाण्यात उघड होण्याची सक्ती तेथे नाही. मराठीत ही मोकळीक नाही. ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांतून निवड करावीच लागते. ‘तू मला आवडतोस’ या वाक्यात बोलणारा स्त्री की पुरुष ते कळत नाही, पण ज्याला हे बोलले जाते तो पुरुष आहे, हे क्रियापद सांगून टाकते. म्हणजे मराठीतील प्रेमोद्गार व्याकरणाच्या पातळीवरच साक्षीदार घेऊन येतो.

या सक्तीला मराठी काव्याने शोधलेले उत्तर फार जुने आहे. ज्ञानदेवांच्या विरहिणीत आणि एकनाथांच्या गौळणींत पुरुष कवी स्त्रीची क्रियापदे स्वीकारतो आणि परमपुरुषाला उद्देशून बोलतो. उत्तर पेशवाईत शाहिरांनी हीच रीत लौकिक शृंगारासाठी वापरली. होनाजीने रचावे आणि बाळा करंजकराने गावे, अशी जी जोडी मराठी लावणीत अजरामर झाली, तिच्यातही लावणीतील ‘मी’ बहुधा स्त्री आहे. रचणारा आणि गाणारा मात्र पुरुष. संगीत रंगभूमीवर या रीतीला देहही लाभला. भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व यांनी शकुंतला उभी केली. विदर्भात खडी गंमत आणि दंडार यांत स्त्रीवेश घेतलेला पुरुष नाचला व गायला. खडी गंमत उभ्याउभ्याच सादर होते. तिच्यात शाहीर, साथीदार आणि स्त्रीवेशातील नाच्या असतात.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. स्त्रीपार्टी नट किंवा स्त्रीवाणीत रचणारा शाहीर यांच्या खाजगी आयुष्याविषयी या रूपबंधावरून काहीही सिद्ध होत नाही. तसा निष्कर्ष काढणे म्हणजे संकेतालाच चरित्र समजणे होय. इतिहासाला एवढेच म्हणता येते की, पुरुषाच्या कंठातून पुरुषाला उद्देशून प्रेमाचे शब्द जाहीरपणे निघू शकतील अशी एक जागा मराठीने राखून ठेवली होती. त्या जागेचे भाडे होते स्त्रीलिंगी क्रियापद. ते भाडे कोणी कोणत्या हेतूने भरले, हे आपणास विचारता येत नाही. शिवाय ही जागा निर्धोक नव्हती. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधील पैलवान गडी नाच्या होतो तेव्हा त्याच्या वाट्याला येणारी विटंबना हेच सांगते. फडात टाळी घेणारी वाणी गावात शिवी होत असे.

या मौनाला कायद्याचीही एक तारीख आहे. ज्या भोसल्यांच्या वाड्यावरून महालाला नाव मिळाले, त्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६०च्या दंडसंहितेतील ३७७वे कलम त्यानंतर येथेही लागू झाले. प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवले. तथापि स्त्रीवाणीची रीत या कायद्याच्या कित्येक शतके आधीची असल्याने ती कायद्याच्या भीतीतून जन्मली असे म्हणता येत नाही. कायद्याने केले ते एवढेच की, रीतीबाहेर पाऊल टाकणे अधिक धोक्याचे केले.

ते पाऊल मराठी गद्याने टाकले. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली, म्हणजे ते कलम अमलात असतानाच आली. तिच्या पूर्वार्धात तनय हा तरुण निघून गेलेल्या तरुणाला ‘तू’ म्हणून संबोधतो. ‘मी’ पुल्लिंगी, ‘तू’ही पुल्लिंगी. विरहिणीचा विरह तोच. वेश मात्र उतरलेला. कादंबरीतील नावीन्य विषयापेक्षा या अन्वयात अधिक आहे, असे मला वाटते.

गाण्याच्या बाबतीत मात्र ही वाट अजून पुरती मळलेली नाही. महालातल्या त्या मुलाने उद्या गिटार उचलली तर त्याच्यासमोर दोन वारसे असतील: गौळणीपासून चालत आलेले उसने क्रियापद, आणि तनयने वापरलेले स्वतःचे. पहिला नाकारण्याचे कारण नाही, कारण त्यात शतकांचे सूर साठले आहेत. पण दुसरा उपलब्ध आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे, आणि ते सांगणे हे समीक्षेचे काम आहे.