भूल आणि कळ : शस्त्रक्रियेतील वेदनाशमनाचा शब्देतिहास

शस्त्रक्रिया चालू असताना रोग्यास वेदना होऊ नये आणि ती आटोपल्यानंतरची वेदना आटोक्यात राहावी, ही दोन्ही कार्ये आज वैद्यकाच्या एकाच शाखेकडे सोपविलेली आहेत. इतिहासात मात्र त्यांची वाटचाल समान गतीने झालेली नाही. पहिल्या कार्याला शोध, वाद, आयोग आणि परिभाषा यांचा लाभ झाला. दुसरे दीर्घकाळ रोग्याच्या सहनशक्तीवर सोडून देण्यात आले. ही विषमता शब्दांतही उमटली आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्राचीन ग्रंथांत ही विषमता आढळत नाही, ही गोष्ट प्रथम नमूद केली पाहिजे. शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास इष्ट अन्न द्यावे आणि मद्य पिणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. अन्नामुळे त्यास मूर्च्छा येत नाही व मद्यामुळे त्यास शस्त्र कळत नाही, अशी त्याची उपपत्ती आहे. येथे ‘बुध्’ म्हणजे जाणणे हा धातू योजिला आहे. ‘वेदना’ हा शब्दही ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासूनच आला आहे. वेदना हे एक प्रकारचे ज्ञान आणि तिचे शमन म्हणजे त्या ज्ञानाचा अवरोध, ही कल्पना शब्दांच्या घडणीतच आहे. त्याच सूत्रस्थानात शस्त्रप्रहाराने उत्पन्न झालेल्या तीव्र वेदनेवर ज्येष्ठमधयुक्त कोमट तुपाचे सिंचन सांगितले असून व्रणाच्या वेदनेसाठी धूपनाचाही विधी दिला आहे. शस्त्रकर्मानंतरची वेदना हा स्वतंत्र उपचाराचा विषय होय, हे त्या ग्रंथकारास मान्य होते.

बल्लाळाच्या भोजप्रबंधात राजाच्या मस्तकावरील शस्त्रक्रियेची कथा आहे. राजास मोहचूर्णाने मोहित करून कवटी उघडली, आणि कार्य झाल्यावर संजीवनीने त्यास शुद्धीवर आणले, असे तीत वर्णन येते. ही कथा सोळाव्या शतकातील असल्याने अकराव्या शतकातील भोजाच्या वैद्यकाचा पुरावा म्हणून ती स्वीकारता येत नाही. शब्दाचा पुरावा म्हणून मात्र ती मोलाची आहे. ‘मोह’ या शब्दात भ्रांती, आसक्ती आणि बेशुद्धी असे तीनही अर्थ नांदतात. मराठीतील ‘भूल’ या शब्दाची अर्थव्याप्ती नेमकी हीच आहे : भूल होणे म्हणजे चुकणे, भूल घालणे म्हणजे मोहविणे आणि भूल देणे म्हणजे शस्त्रक्रियेसाठी बेशुद्ध करणे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश्’ धातूचे जे आदेश दिले आहेत, त्यांत ‘चुक्क’ आणि ‘भुल्ल’ हे दोन्ही आहेत. म्हणजे ‘चूक’ आणि ‘भूल’ या शब्दांचे साहचर्य आजचे नव्हे. स्थानावरून ढळणे हा मूळ अर्थ. मग ते स्थान मार्गाचे असो, विवेकाचे असो वा शुद्धीचे.

आधुनिक काळाचा आरंभ सामान्यतः १६ ऑक्टोबर १८४६ पासून मानतात. त्या दिवशी बोस्टन येथे मॉर्टन याने ईथरचा जाहीर प्रयोग केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स याने ‘ॲनेस्थेशिया’ हा ग्रीक मूळ असलेला शब्द या अवस्थेसाठी सुचविला. हिंदुस्थानात त्यापूर्वीच, १८४५ मध्ये, जेम्स एस्डेल याने हुगळी येथे मेस्मेरी संमोहनाखाली शस्त्रक्रिया केल्या होत्या. १८४७ मध्ये कलकत्त्यास ईथर वापरले गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालेले असल्याने आपल्याकडील पाश्चात्य वैद्यकशिक्षण आणि हे नवे शास्त्र जवळजवळ समवयस्क ठरतात.

मराठी मुलुखाशी निगडित असा मोठा प्रयत्न म्हणजे हैदराबादचे क्लोरोफॉर्म आयोग. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे मराठी जिल्हे त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी याच्या पुढाकाराने आणि निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन याला पाठविले. क्लोरोफॉर्मने हृदयाआधी श्वसन थांबते, म्हणून श्वासावर लक्ष ठेवावे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुढे १९११ मध्ये लेव्ही याने अल्प मात्रेतही हृदयाचे घातक स्पंदन उद्भवू शकते हे दाखविले आणि तो निष्कर्ष अपुरा ठरला. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, पन्नास वर्षांच्या या वादाचा विषय भूल दिलेल्या रोग्याचे प्राण हा होता. शुद्धीवर आल्यानंतर त्यास काय भोगावे लागते, हा प्रश्न वादाच्या कक्षेत आला नाही. प्राणांचाच भरवसा नसताना ते स्वाभाविकही होते.

नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ मध्ये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी राहिल्याने पारिभाषिक शब्दांची निकड वर्गात भासली नाही. ती शासनाला भासली. डॉ. रघुवीर यांचा बृहद् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये याच नगरातून प्रसिद्ध झाला. संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांतून शब्द सिद्ध करण्याची त्यांची पद्धती सर्वज्ञात आहे. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर मराठी परिभाषेचे कार्यही प्रायः संस्कृताश्रयानेच चालले. संज्ञाहरण, संवेदनाहरण, शुद्धिहरण, बधिरीकरण हे शब्द या वळणाचे आहेत. त्यांत ‘बधिरीकरण’ शासकीय व्यवहारात रूढ झाला. महालातील रुग्ण आणि त्याचे आप्त मात्र ‘भूल’ असेच म्हणतात. ‘भूलतज्ज्ञ’ या समासात तद्भव व तत्सम एकत्र आले, आणि तो समास टिकला.

या सर्व शब्दांत एक साम्य आहे. ते काहीतरी हिरावून घेतल्याचे सांगतात. ज्ञान परतल्यानंतरच्या वेदनेची भाषा त्यांत नाही, आणि तिच्याविषयीचे संशोधन तर त्या भाषेवाचून पुढे जाऊच शकत नव्हते. बीचर याने १९५६ मध्ये दाखविले की, शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांपैकी पाचांत चारांहून अधिकांनी वेदनाशामक मागितले, तर रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकांपैकी एक तृतीयांशाहून कमी जणांनी. जखमेचा आकार वेदनेचे माप होऊ शकत नाही, हे यावरून सिद्ध झाले. मग माप कोणते? मेल्झॅक याने १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठात ७८ शब्दांची, २० गटांत विभागलेली प्रश्नावली तयार केली. रुग्णाने निवडलेला शब्द हाच तेथे पुरावा ठरला.

मराठीत या कामी शब्दांची वाण नाही. ठणका आणि ठसठस हे शब्द तालबद्ध वेदना सांगतात. चमक व सणक क्षणिक. आग, जळजळ व भगभग दाहक. रग व ओढ स्नायूंची. नागपुरी बोलीत ‘दुखते’ आणि ‘दुखून राहिलं’ असा जो भेद केला जातो, त्यातून वेदनेचे सातत्य व्यक्त होऊ शकते. प्रमाण मराठीच्या सवयीने ऐकणारा त्यास केवळ ग्राम्य रूप समजला, तर वेदना थांबूनथांबून आहे की अखंड, ही माहिती हातची जाते. याउलट ‘कळ’ या शब्दाभोवतीचे वाक्प्रचार पाहावेत : कळ सोसणे, कळ काढणे, जरा कळ काढ. वेदनेचे नाव येथे धीराचे नाव झाले आहे. ज्या समाजात कळ काढणे हा गुण मानला जातो, तेथे शून्य ते दहा या मापावर रुग्णाने सांगितलेला ‘चार’ हा आकडा वेदनेचा की संकोचाचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

औषधांच्या इतिहासातही हाच धडा मिळतो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनवर कडक बंधने आली आणि ते मिळविणे रुग्णालयांना कठीण झाले. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापराची वाट काहीशी सुकर केली. परंतु औषध हाताशी असले तरी ते केव्हा व किती द्यावयाचे, हे बव्हंशी रुग्णाच्या उत्तरावर अवलंबून असते.

वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येला जोडलेल्या टीपांत, शब्दांनी सांगणे हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी एक होय आणि बोलता न येणे हा वेदना नसल्याचा पुरावा नव्हे, असे स्पष्ट केले आहे. ही मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. जो बोलू शकतो, त्याचे बोलणे त्याच्याच बोलीत समजून घेतले गेले पाहिजे. भूल देण्याचे तंत्र आपण बाहेरून घेतले व त्यासाठी शब्द घडविले. भूल उतरल्यानंतरचे शब्द मात्र घडविण्याची आवश्यकता नाही. ते महालाच्या गल्ल्यांत, वऱ्हाडाच्या खेड्यांत आणि मराठवाड्याच्या वाड्यांत वापरात आहेत. त्यांची बोलीनिहाय नोंद करणे, त्यांचे गट पाडणे आणि वैद्यकाच्या अध्यापकांसह ते रुग्णशय्येजवळ पडताळून पाहणे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस करता येण्याजोगे कार्य आहे. परिभाषेच्या कोशांइतकेच तेही निकडीचे आहे.